संध्याकाळी जोडवी घट्ट होतात

आक्का, नमस्कार.
वय 51. शिवाजी पेठेत सासरचं जुनं घर आहे. घरातूनच कॉलेजच्या पोरांची खानावळ चालवते. पहाटे पाचला उठते ते रात्री दहाला ओटा धुऊनच टेकते. वर्ष झालं, रात्रीत तीन-चार वेळा लघवीला उठावं लागतंय. संडास-मोरी परसाच्या टोकाला, त्यामुळं दर वेळी मागच्या दाराची कडी वाजते. ह्यांची झोप मोडते म्हणून ते आता सोप्यात झोपतात. म्हणतात, वय झालं, चालायचंच. शेजारणीनं पाणी कमी कर म्हणून सांगितलं. महिनाभर केलं तर जळजळ सुरू झाली. आता दिवसभर पाण्याला सवडच नसते, रात्री सगळं आवरलं की तांब्याभर पिते. यंदा जोतिबाच्या यात्रेला गेले नाही. भाचीच्या लग्नात गडहिंग्लजला मुक्कामही टाळला. बीपीची गोळी चालू आहे, पाळी जाऊन दोन वर्षं झाली. पाय दुखतात, संध्याकाळी जोडवी घट्ट होतात, पण ते उभं राहून होत असेल. डॉक्टरांकडं गेलेले नाही. आईला साखर होती, शेवटी तिचा पाय काढावा लागला. काय करू?

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. कडीबद्दल, यात्रेबद्दल, ह्यांच्या झोपेबद्दल तुम्ही सविस्तर लिहिलंय आणि जोडव्यांबद्दल जाता जाता अर्धी ओळ. मी त्या अर्ध्या ओळीपाशीच थांबले.

दिवसभर चुलीपुढं उभं राहिलं की अंगातलं पाणी पायांत उतरतं, घोट्याभोवती आणि पावलांवर साचतं. आज संध्याकाळी भाकरी थापून झाल्या की नडगीच्या खालच्या बाजूला अंगठा दाबून बघा. खळगा पडला आणि तो लगेच भरून आला नाही, तर ती सूज आहे. आपण आडवं झालो की हेच साचलेलं पाणी हळूहळू परत रक्तात येतं आणि मूत्रपिंडं त्याची लघवी करून टाकतात. म्हणजे दिवसा व्हायची लघवी तुमचं शरीर रात्री करतंय. त्यात दहा वाजता तांब्याभर पाणी. मग तीन-चार फेऱ्या होणार नाहीत तर काय?

मी डॉक्टर नाही, त्यामुळं कारण हेच आहे असं छातीठोक सांगणार नाही. पण तुमच्या पत्रात कारणं एकाला एक लागून बसलेली दिसतात. वय हे त्यातलं एक आहे, तेवढं ह्यांचं म्हणणं खरं. रात्री लघवी कमी तयार व्हावी म्हणून शरीर एक संप्रेरक सोडतं, ते वयाबरोबर कमी पडायला लागतं. पन्नाशीनंतर रात्री एकदा उठावं लागणं तसं सर्रास असतं. तीन-चारदा उठणं, तेही वर्षभर, हे मात्र ‘चालायचंच’ म्हणून सोडून द्यायचं नाही. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे बायकांचं संप्रेरक कमी होतं, तिथली त्वचा आणि लघवीच्या मार्गाचं अस्तर पातळ, कोरडं पडतं, घाई वाढते, जळजळ आणि जंतुसंसर्गही लवकर होतो. यावर स्त्रीरोगतज्ज्ञांकडं साधं लावायचं मलम मिळतं. कितीतरी बायका हे माहीत नसल्यामुळं वर्षानुवर्षं अंगावर काढतात, याचं मला फार वाईट वाटतं.

आता एक काम सांगते, ते मनापासून करा. खानावळीत तुमच्याकडं मापाचं भांडं असेलच. त्याच्यासारखंच मिलीच्या खुणा असलेलं एक प्लॅस्टिकचं वेगळं घ्या आणि मोरीत ठेवा. तीन दिवस, चोवीस तास, प्रत्येक वेळची लघवी मापायची आणि वेळ टाकून वहीत लिहायची. शेजारी काय प्यायलात, किती आणि कधी, तेही. चहा, ताक, रस्सा, सगळं. पोरांच्या जेवणाचा हिशेब ठेवता तसाच हाही हिशेब. झोपायच्या आधीची लघवी दिवसात धरा आणि पहाटे उठल्यावरची पहिली रात्रीत. मग बेरीज करा. रात्रीची बेरीज चोवीस तासांच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भरली, तर रात्री लघवी तयारच जास्त होतेय. दर वेळी तीनशे-चारशे मिली येत असेल तर तेच. उलट दर वेळी शंभर-सव्वाशेच येऊन घाई होत असेल, तर दुखणं लघवीच्या पिशवीत आहे, ती थोड्याच लघवीत भरल्याचा इशारा देते. दोन्हींवरचे उपाय अगदी वेगळे. म्हणून हा कागद डॉक्टरांपुढं ठेवला की त्यांचं अर्धं काम होतं. आणि तुम्हाला तोंडानं फार काही सांगावंही लागत नाही. लाजेवर याच्यापेक्षा चांगला उतारा मला ठाऊक नाही.

पाणी तोडू नका. पाणी कमी झालं की लघवी घट्ट होते, पिशवीला चुरचुरते, घाई आणखी वाढते. तुम्ही ते भोगलंयच. दिवसभरात दीड-दोन लिटर हवं, फक्त ते पुढं ओढा. सकाळी पोरांचा नाष्टा निघाला की एक मोठा पेला, भाजी फोडणीला टाकताना एक, दुपारच्या पंगती उठल्या की दोन. संध्याकाळी सातनंतर घोट-घोट. रात्रीचा तांब्या आणि झोपायच्या आधीचा चहा बंद. औषधापुरतं पाणी प्यायला हरकत नाही. आणि दिवसा लघवी आली की जा. पोरं ताटावर बसलीत म्हणून दोन-दोन तास दाबून धरू नका. ती आमटीसाठी पाच मिनिटं थांबतील.

मिठाचं बोलायलाच हवं, कारण आपण कोल्हापूरकर. तुम्ही शेवटी जेवायला बसता तेव्हा ताटात तळाचा रस्सा, वर खर्डा, पापड, लोणचं, कधी सुकट. मीठ अंगात पाणी धरून ठेवतं आणि तहानही लावतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमच्या आत मीठ ठेवा म्हणते, म्हणजे सपाट एक चमचा, सगळं धरून. जपानमध्ये नागासाकी विद्यापीठातल्या डॉक्टरांनी 2017 साली दाखवलं होतं, की जास्त मीठ खाणाऱ्यांनी ते 10.7 ग्रॅमवरून 8 ग्रॅमवर आणलं तेव्हा रात्रीच्या फेऱ्या सरासरी 2.3 वरून 1.4 वर आल्या. बीपी आहे म्हणून तसंही मीठ कमी करायचंच आहे. पोरांच्या रश्श्याला हात लावू नका, तो तुमचा धंदा आहे. तुमच्यापुरती भाजी मीठ पडायच्या आधी वाटीभर काढून ठेवा, रात्रीचा पापड-लोणचं सोडा.

आणि दुपारी साडेचार ते साडेपाच हा तास तुमचा. दुपारची भांडी उरकलेली असतात, रात्रीची कणीक मळायची असते, त्याच्या मधला. भिंतीला दोन उशा लावा, पाय त्यावर ठेवून आडव्या व्हा. पायातलं पाणी तेव्हाच परत फिरेल आणि झोपायच्या आधीच लघवीवाटे जाईल. हे आळशीपण नाही, औषध आहे, असं घरात स्पष्ट सांगा. त्या तासात कांदे-लसूण निवडायचं काम ह्यांनी करावं. ‘वय झालं’ म्हणणाऱ्या माणसाला एवढं सांगायचा तुमचा हक्क आहे.

ह्यांच्याबद्दल आणखी एक. ते सोप्यात जाऊन झोपले, तुम्ही काही बोलला नाहीत, आणि तुम्हाला ते लागलंय, हे पत्रात दिसतं. मला वाटत नाही त्यांच्या मनात वाईट आहे. रात्री चार वेळा तुम्हाला काय करावं लागतं ते त्यांनी पाहिलेलंच नाही, त्यांनी फक्त कडी ऐकलीय. त्यांना वही दाखवा. रात्री एक, दोन पन्नास, साडेचार, या वेळा माणसानं डोळ्यांनी वाचल्या की फरक पडतो. आणि कडीवर उपाय त्यांनाच सांगा. कोयंड्याला चामड्याचा तुकडा लावला की आवाज बंद. परसात एक बल्ब रात्रभर चालू ठेवायला लावा. पावसाळ्यात शहाबादी फरशीवर शेवाळ धरतं. आमच्या मंगळवार पेठेतल्या वाड्यात आई अशीच पहाटे कंदील घेऊन जाताना घसरली आणि मनगट मोडून बसली, मी तेव्हा दहावीत होते. म्हणून सांगते, अंथरुणातून एकदम उठू नका, बीपीच्या गोळीवर चक्कर येऊ शकते. आधी बसा, मग उभं राहा. हे सगळं निस्तरेपर्यंत खोलीत कमोडची खुर्ची ठेवलीत तरी त्यात काही कमीपणा नाही.

आता आईंबद्दल. मला वाटतं, तुम्ही डॉक्टरांकडं जात नाही ते लाजेमुळं नाही. ‘साखर आहे’ हे शब्द ऐकायची तुम्हाला भीती आहे. पायावरची सूज बघितली की तुम्हाला आईचा पाय आठवत असणार. ताई, साखर वाढली की रात्री लघवी वाढते हे खरं आहे. रक्तातली साखर साधारण 180 च्या पुढं गेली की मूत्रपिंडातून ती लघवीत उतरायला लागते आणि पाणी ओढून नेते. पण आईचा पाय गेला तो साखर कळली म्हणून नाही. बहुतेकदा पाय जातो तो साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहते, पावलांची जाणीव आणि रक्तपुरवठा कमी होतो आणि बारीकशी जखम चिघळत जाते म्हणून. तुम्ही आज तपासणी केलीत आणि साखर निघालीच, तर ती त्या टोकाच्या कितीतरी आधी सापडेल. नसली निघाली, तर रोज रात्री कडी काढताना जो विचार डोक्यात येतो तो तरी थांबेल.

तेव्हा या आठवड्यात जा. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडं किंवा सीपीआर या आपल्या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत. 30 वर्षांवरच्या माणसांची बीपी आणि साखर सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासतात, त्यामुळं पैशाचीही अडचण नको. सांगा की लघवीची तपासणी, उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर, तीन महिन्यांची सरासरी साखर आणि मूत्रपिंडांचं काम दाखवणारं क्रिएटिनिन करायचंय. मध्यंतरी जळजळ झाली होती हे आवर्जून सांगा. बीपीच्या गोळीचं पाकीट बरोबर न्या. काही गोळ्या लघवी वाढवणाऱ्या असतात, त्या रात्री घेतल्या की रात्रभर फेऱ्या. ॲम्लोडिपिनसारख्या गोळीनं पायावर सूज येऊ शकते. पण गोळी स्वतःहून बंद करायची नाही आणि वेळही बदलायची नाही, विचारूनच. तुम्ही घोरता का हे ह्यांना विचारून जा. झोपेत श्वास अडत असेल तरी रात्री लघवी वाढते, आणि ही गोष्ट आपली आपल्याला कळत नाही. लघवीत रक्त दिसलं, ताप आला, लघवी तुंबली किंवा आडवं झाल्यावर धाप लागायला लागली, तर आठवड्याचीही वाट बघू नका, त्याच दिवशी जा.

दुखणं पिशवीत निघालं तर डॉक्टर ओटीपोटाखालच्या स्नायूंचा व्यायाम सांगतील. वारा अडवताना जे स्नायू आवळतो तेच आवळायचे, पाच आकडे धरायचे, सोडायचे, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. चपात्या लाटता लाटता होतो. गुण यायला दोन-तीन महिने लागतात, म्हणून आठवड्यात सोडून देऊ नका.

पुढच्या चैत्रातल्या जोतिबाच्या यात्रेला अजून अवकाश आहे. तीन दिवसांचा हिशेब आणि तपासण्यांचे आकडे मला लिहून पाठवा. दुपारचा तास पंधरा दिवस पाळून झाला, की संध्याकाळी जोडवी बोटात फिरतात का, तेही कळवा.

तुमची,
आक्का