गावबैठकीत विश्वास, भावना आणि तर्क यांपैकी आधी काय वापरावे?

आपण विचारले आहे की, कृषी विभागात नव्याने रुजू झाल्यामुळे आपल्याला गावोगावच्या बैठकांत बोलावे लागते. विश्वासार्हता, भावना आणि तर्क या तीन साधनांविषयी आपण वाचले आहे, परंतु देवळाच्या सभामंडपात बसलेल्या चाळीस-पन्नास शेतकऱ्यांपुढे त्यांतले आधी कोणते आणि किती वापरावे हे आपल्याला उमगत नाही. मी लातूर आणि आताच्या धाराशिव जिल्ह्यात कृषी सहाय्यक म्हणून बरीच वर्षे काम केले आहे आणि बहुतेक बैठका सोयाबीनच्या पेरणीविषयीच घेतल्या आहेत. त्यामुळे त्याच अनुभवावरून उत्तर देतो.

ही विभागणी मुळात अ‍ॅरिस्टॉटलची असून ती त्याने इसवी सनपूर्व चौथ्या शतकात वक्तृत्वशास्त्रावरील ग्रंथात मांडली. तिच्याविषयी एक गैरसमज सर्रास आढळतो. वक्त्याचे पद, शिक्षण किंवा नावलौकिक म्हणजे विश्वासार्हता, असे मानले जाते. अ‍ॅरिस्टॉटलने मात्र स्पष्ट म्हटले आहे की हा विश्वास भाषणातूनच निर्माण झाला पाहिजे, वक्त्याविषयी लोकांच्या मनात आधीपासून असलेल्या मतातून नव्हे. वक्त्याला विषयाची समज आहे, तो सचोटीचा आहे आणि त्याला ऐकणाऱ्यांचे हित हवे आहे, या तीन गोष्टी श्रोत्यांना त्याच्या बोलण्यातच दिसाव्या लागतात. सरकारी ओळखपत्र गळ्यात घालून बैठकीला जाणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे आधी समजून घ्यावे.

मला ते उशिरा समजले. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका गावात मी अर्धा तास बीजप्रक्रिया, उगवणक्षमता आणि हेक्टरी बियाण्याचे प्रमाण यांवर बोललो. सगळे आकडे बरोबर होते. बोलणे संपल्यावर खांबाला टेकून बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी शांतपणे विचारले, "सायेब, तुमचं रान किती हाय?" माझ्या गावाकडे चार एकर कोरडवाहू जमीन होती, पण त्या अर्ध्या तासात मी तिचा एकदाही उल्लेख केला नव्हता. त्यांच्या प्रश्नात उपहास नव्हता. या सल्ल्यात तुमचे स्वतःचे काय पणाला लागले आहे, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे होते.

पुढच्या वर्षी मेच्या मध्यावर मी त्याच गावात गोणपाटाचे तुकडे घेऊन गेलो. भाषण केले नाही. ज्यांनी घरचे सोयाबीन बियाण्यासाठी राखले होते त्यांना प्रत्येकी एक ओंजळ आणायला सांगितले, आणि त्यातून निवड न करता सरसकट शंभर दाणे त्यांनाच मोजायला लावले. ओल्या गोणपाटावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडून, वरून दुसरा ओला तुकडा अंथरून आम्ही गुंडाळ्या केल्या. त्या मंडपातच सावलीला ठेवल्या आणि रोज पाणी शिंपडण्याचे काम शाळेतल्या मुलांनी घेतले. माझ्या चार एकरांसाठी ठेवलेल्या बियाण्याचीही एक गुंडाळी मी त्यांतच ठेवली होती.

सातव्या दिवशी सर्वांसमक्ष आधी माझी गुंडाळी उघडली. तिच्यात सहासष्ट कोंब निघाले, म्हणजे अपेक्षित सत्तरपेक्षा चार कमी. त्यानंतर एका आजींची उघडली. ओल्या तागाचा वास पसरला. पांढरे, गुबगुबीत कोंब गोणपाटाच्या धाग्यांत अडकले होते आणि मधूनमधून फुगून कुजलेले दाणे बोटाला चिकटत होते. आजींनी कोंब एकेक करून स्वतः मोजले आणि बासष्ट भरल्यावर खात्रीसाठी पुन्हा मोजले. उगवण सत्तर टक्के असल्यास एकरी तीस किलो बियाणे लागते आणि त्याखाली प्रत्येक टक्क्याला साधारण अर्धा किलो वाढवावे लागते, एवढेच मी सांगितले. हिशेब त्यांच्या नातवाने केला : चौतीस किलो. तिसरी गुंडाळी गावातल्या जाणत्या शेतकऱ्याची होती आणि तिच्यात एक्केचाळीसच कोंब होते. ते काही वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "पोती वरून फेकली व्हती. हे पेरायचं न्हाई." सोयाबीनच्या दाण्याचे आवरण पातळ असते, मळणी यंत्र वेगाने फिरले किंवा पोती आपटली की आतला अंकुर दुखावतो, हे वाक्य मी आदल्या वर्षी दोनदा उच्चारले होते आणि कोणाच्याही लक्षात राहिले नव्हते.

माझ्या मते तर्काचे खरे काम इथे दिसते. अ‍ॅरिस्टॉटलने ज्याला एन्थिमीम म्हटले आहे, त्या युक्तिवादात बहुधा एक दुवा वक्ता न बोलता सोडतो आणि तो श्रोता स्वतःच्या अनुभवातून भरून काढतो. पोती फेकल्याचे मला ठाऊक नव्हते, ते त्या शेतकऱ्यालाच ठाऊक होते, आणि म्हणून निष्कर्ष त्यांचा झाला. आपण सगळे दुवे स्वतःच जोडून दिले की ऐकणाऱ्याकडे मान डोलावण्यापलीकडे काही उरत नाही, आणि मान डोलावणे म्हणजे पटणे नव्हे.

आता भावनेविषयी, कारण सर्वांत जास्त चुका तिथे होतात. एका बैठकीत बाहेरून आलेल्या एका वक्त्याने शेतकरी आत्महत्यांची वर्णने करून सभा हेलावून टाकण्याचा प्रयत्न केला. त्या गावात दोन वर्षांपूर्वीच तसे घडले होते आणि त्या घरातली माणसे समोर बसली होती. बायका एकेक करून उठून गेल्या. दुसऱ्याच्या दुःखाचा असा वापर मला तेव्हाही अक्षम्य वाटला आणि आजही वाटतो. शिवाय त्या भीतीतून बाहेर पडण्याची कोणतीही वाट त्या भाषणात नव्हती, आणि ज्या भीतीवर हाताने करता येण्यासारखे काही नसते, तिच्यापासून माणूस दूरच जातो.

भावनेचा विचार करताना अ‍ॅरिस्टॉटल तीन गोष्टी तपासायला सांगतो : ती कोणत्या मनःस्थितीत येते, कोणाविषयी येते आणि कशामुळे येते. आपल्याकडच्या पेरणीला हे नेमके लागू पडते. पुरेसा पाऊस होण्याआधी पेरू नये हे मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही, दुबार पेरणीचा खर्च त्याने सोसलेला असतो. तरीही मृगाची पहिली सर पडून शेजारच्या रानात चाड्यावर मूठ पडली की आपण मागे राहिलो या जाणिवेने त्याचा जीव कासावीस होतो. ही भीती खरी आहे आणि तिला अडाणीपणा म्हणणे हा अन्याय आहे. तिच्यावर व्याख्यान देण्याऐवजी मी सरळ कडांचा एक डबा उघड्या अंगणात ठेवायला सांगत असे. पावसाचे पाणी रोज पट्टीने मोजायचे, ऊन लागण्याआधी ओतून टाकायचे आणि वहीत लिहायचे. बेरीज साडेसात ते दहा सेंटिमीटर, म्हणजे 75 ते 100 मिलिमीटर झाली आणि वाफसा आला, म्हणजे रानात पेरणीजोगी ओल राहिली, की पेरायचे. महसूल मंडळाच्या पावसाच्या आकड्यावर गावाचा विश्वास नसतो, कारण एका शिवारात पडलेला पाऊस दुसऱ्यात नसतो, पण आपल्या अंगणातल्या डब्यावर तो बसतो. थांबणाऱ्याला सांगण्यासारखे कारण मिळते, आणि शेजाऱ्यापुढे कारण सांगता आले की मागे राहिल्याची लाज वाटत नाही.

एक सूचना बोलणाऱ्याच्या निवडीविषयी. पैठणच्या एकनाथांनी भारुडे रचताना जोशी, वासुदेव, गोंधळी अशा लोकांच्या ओळखीच्या सोंगांतून परमार्थ सांगितला, कारण ते आवाज दारात आले की लोक कान देत. त्या गावात तिसऱ्या वर्षी मी बोललोच नाही, एक्केचाळीस कोंब निघालेले तेच शेतकरी बोलले.

म्हणून आपल्या प्रश्नाचे थेट उत्तर असे की, आधी विश्वास, आणि तो मिळवण्यासाठी आपल्या बाजूची उणी गोष्ट आपणच प्रथम सांगावी. मात्र उगवणीची परीक्षा मेच्या मध्यापलीकडे लांबवू नये. गुंडाळ्या उघडल्यावर ज्यांचे बियाणे साठ टक्क्यांच्या खाली निघेल त्यांना मृगापूर्वी दुसरे बियाणे शोधायला दोन आठवडे तरी मिळाले पाहिजेत. पेरणीच्या तोंडावर वाईट निकाल हातात ठेवला, तर तीच माणसे पुढच्या वर्षी दाणे घेऊन येत नाहीत.