‘क्वाइट नाइस’ म्हणजे कौतुक की तक्रार?

प्रश्न: मी कांदोळीला एका गेस्ट हाउसवर रिसेप्शनला असते. एका ब्रिटिश जोडप्यानं जाताना वहीत लिहिलं, ‘द रूम वॉज क्वाइट नाइस’. मला वाटलं खूश होऊन गेले, पण मालक म्हणाले हे काय धड कौतुक नव्हे. डिक्शनरीत क्वाइटला ‘पूर्णपणे’ पण आहे आणि ‘बऱ्यापैकी’ पण. मग धरायचं काय?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर: ताई, डिक्शनरी बरोबर आहे आणि तुमचे मालकही बरेचसे बरोबर आहेत. सगळं पुढच्या विशेषणावर असतं. नाइस, गुड, बिझी ही कमी-जास्त होणारी विशेषणं, त्यांच्या आधी ब्रिटिश माणूस क्वाइट लावतो तेव्हा बहुतेक वेळा अर्थ निघतो बऱ्यापैकी, म्हणजे रूम चांगली होती पण व्हेरी नाइसपर्यंत काय पोचली नाही. हेच वाक्य अमेरिकन पाहुण्यानं लिहिलं असतं तर बिनधास्त खूश व्हा, तिकडे ते साधारण व्हेरी नाइसच्याच जवळ जातं. आता इम्पॉसिबल घ्या, गोष्ट अशक्य असते नाहीतर नसते, त्यात थोडी अशक्य असं काही नाही, त्यामुळे क्वाइट इम्पॉसिबल म्हणजे अगदी अशक्य, इथे दोन्ही देशांचा अर्थ एकच. क्वाइट डिफरंटचंही तसंच, पार वेगळं.

समोरासमोर बोलणं चाललं असेल तर जोर कुठे पडतो ते नीट ऐका, वहीतल्या ओळीत हे कळत नाही आणि घोळ होतो तो इथेच. ब्रिटिश पाहुण्यानं क्वाइटवर जोर दिला की समजा पुढे ‘पण’ येतोय, नाइसवर दिला तर कौतुक जास्त.

तुमच्या कामात ‘नॉट क्वाइट रेडी’ फार उपयोगी. रूम साफ व्हायची थोडी राहिलीय, एवढंच त्यातून कळतं आणि नुसतं नॉट रेडी म्हटल्यासारखं तोडून बोललं असं वाटत नाही. पण ‘क्वाइट अ फ्यू’ला जपा हं! फ्यू दिसला की आपली माणसं थोडे असा अर्थ घेतात, आणि तो साफ चुकीचा आहे. क्वाइट अ फ्यू कंप्लेंट्स म्हणजे बऱ्याच तक्रारी, असं कोणी लिहिलं तर लगेच लक्ष घाला.

लिहिताना ‘अ’ क्वाइटच्या नंतर ठेवा, क्वाइट अ गुड रूम. आणि स्पेलिंगमध्ये टी आधी, ई शेवटी, उलटं झालं की शांत या अर्थाचा क्वायट होतो आणि स्पेलचेक तो पकडेलच असं नाही.