पावसाळी हवेत गव्हातलं तणनाशक

प्रश्न : गहू पेरून २६ दिवस झाले. वावरात चंदनबटवा दाटला आहे, पण चार दिवसांपासून आभाळ आहे आणि दोनदा पाऊस येऊन गेला. फवारू की थांबू?
– एक शेतकरी, दारव्हा तालुका

उत्तर : भाऊ, थांबा. चंदनबटव्यासारख्या रुंद पानाच्या तणासाठी मेटसल्फ्युरॉन मिथाईल २० टक्के, एकरी ८ ग्रॅम, ३० ते ३५ दिवसांपर्यंत चालतं. म्हणजे आठवडा तुमच्या हातात आहे. काळ्या जमिनीत पाणी साचून गहू पिवळा पडला असेल, तर तो आधी हिरवा होऊ द्या; आजारी पिकाला औषधाचा शॉक जास्त बसतो.

मी एका वर्षी घाई केली. दहा वाजता पंप पाठीवर घेतला, अकराला सर आली. औषध धुऊन गेलं आणि जानेवारीत मजूर लावून निंदण करावं लागलं. तेव्हापासून मी गव्हाच्या पानाचं टोक बघतो. तिथे दवाचा थेंब लटकतोय तोवर फवारा नाही. चिखल चपलेला चिकटतोय तोवरही नाही. नंतरचे निदान सहा तास कोरडे हवेत.

शेजारी कपाशी उभी आहे का, हे तुम्ही लिहिलं नाही. असेल तर दुकानदाराने दिलं तरी २,४-डी हे तणनाशक घेऊ नका. नुसत्या वाऱ्याने उडालं तरी कपाशीची पानं बोटांसारखी लांबट होतात. पंपाला पट्टा नोझल (पसरट पट्ट्यात फवारा सोडणारं) लावा, एकरी १५० ते २०० लिटर पाणी घ्या.