इंग्लंडमध्ये मॉरिस डान्स शिकायला गेलो तर लोक हसतील का?

तुम्ही लिहिलंय की नोकरीसाठी इंग्लंडला आलात, गावातल्या मॉरिस, म्हणजे इथल्या जुन्या लोकनाचाच्या, ग्रुपने शिकायला बोलावलं, आणि ऑफिसात सांगितल्यावर सगळे खो खो हसले, तर आता जावं की नाही. बिनधास्त जा. हसतील, ते चालायचंच. पण ते तुम्हाला नाही, स्वतःलाच हसतायत, असं माझं इथे राहून झालेलं मत आहे.

इंग्रज माणसाचं एक विचित्र आहे बघा, स्कॉटिश लोक किल्ट घालून नाचले, आयरिश नाचले, भांगडा झाला की हा मनापासून टाळ्या वाजवणार, पण स्वतःच्या गावचा नाच म्हटलं की एकदम कानकोंडा होतो. पिंडऱ्यांना घुंगरांचे पट्टे, पांढरे कपडे, टोपीवर फुलं, हातात गजी नाचणाऱ्या धनगरांसारखे रुमाल नाहीतर काठ्या, आणि शेजारी बिअर. टीव्हीवर विनोदासाठी हे चित्र इतकं वापरलंय की नाच न बघताच हसायचं लोकांनी ठरवून टाकलंय. पबच्या अंगणात दोन हातांच्या अंतरावर उभं राहून बघा, काठीवर काठी बसते तेव्हा खरोखर ढलप्या उडतात, आणि तेच हसणारे लोक ग्लास हातात धरून शेवटपर्यंत थांबलेले असतात.

हौशी म्हाताऱ्या पुरुषांचा क्लब ही जी इमेज आहे ना, ती तशी अलीकडची. 1448 साली लंडनच्या सोनारांच्या संघाने मॉरिसवाल्यांना पैसे दिल्याची नोंद आहे, म्हणजे नाच जुनाच, पण पुढे गावोगावी तो टिकवला मजुरांनी. 1899 च्या ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी ऑक्सफर्डजवळच्या हेडिंग्टन क्वारी गावची मंडळी नाचत एका घराच्या दारात आली, खरं तर हा त्यांचा मोसमच नव्हता, पण कडक थंडीत बांधकामं बंद, हाताला काम नाही, म्हणून चार पैसे मिळवायला बाहेर पडलेली. कॉन्सर्टिना (हातात धरायचा छोटा भात्याचा बाजा) वाजवत होता विल्यम किंबर, पेशाने गवंडी. सेसिल शार्प नावाचा संगीत शिक्षक त्याच घरी सासूकडे आलेला, त्याने दुसऱ्या दिवशी किंबरला परत बोलावून चाली उतरवून घेतल्या. आणि गंमत म्हणजे पुढे हा नाच लंडनला नेला तो मेरी नील या बाईने, तिच्या क्लबातल्या शिवणकाम करणाऱ्या गरीब पोरींसाठी, आणि त्यांना शिकवायला 1905 मध्ये किंबर स्वतः गेला. नंतर शार्प आणि नीलबाईंचं फाटलं, त्याला अचूकपणा हवा होता, तिला पोरींचा आनंद. शार्पचं वजन जास्त पडलं. 1934 ला मॉरिस रिंग ही संघटना स्थापन झाली ती फक्त पुरुषांसाठी, बायकांना 1975 मध्ये स्वतःचं फेडरेशन काढावं लागलं, आणि रिंगने दार उघडलं ते थेट 2018 मध्ये! ज्या नाचाचं पुनरुज्जीवन पोरींनी केलं तो 'परंपरेने पुरुषांचा', काय बोलणार.

एका बाबतीत मात्र लोकांची नाराजी मला पटते. बॉर्डर, म्हणजे वेल्सच्या सीमेकडच्या, प्रकारातले बरेच ग्रुप तोंडाला काळं फासायचे. ते म्हणायचे हा फक्त वेश बदलण्याचा जुना प्रकार, पण रस्त्यावर बघणाऱ्या काळ्या माणसाने ते कसं घ्यायचं? 2020 मध्ये मॉरिसच्या तिन्ही मोठ्या संघटनांनी पूर्ण काळा चेहरा बंद करायचं ठरवलं, तर लँकशरमधले बेकपचे कोकोनट डान्सर्स अडून बसले आणि संघटनेतून बाहेर पडले. आता बाकीचे बहुतेक हिरवा, निळा असले रंग लावतात आणि नाचाचं काही बिघडलेलं नाही.

तरुण लोकही येतायत हं. स्ट्राउडच्या बॉस मॉरिस या मुलींच्या ग्रुपने 2023 च्या ब्रिट अवॉर्ड्स या संगीत पुरस्कारांच्या कार्यक्रमात वेट लेग बँडबरोबर स्टेजवर नाच केला, तेव्हा कुणी चेष्टा केली नाही, सगळे कपड्यांबद्दलच विचारत होते.

आता तुमचं. सराव साधारण थंडीत, आठवड्यातून एक संध्याकाळ गावच्या हॉलमध्ये असतो, मे महिन्यापासून बाहेर नाचतात. आधी विचारून घ्या कोणता प्रकार आहे, कॉट्सवोल्ड असेल तर उड्या फार, गुडघे बोलायला लागतात, नॉर्थ वेस्ट असेल तर लाकडी तळाचे क्लॉग्ज घालावे लागतील. आणि त्याआधी जमलं तर मेअखेरच्या बँक हॉलिडेला सोमवारी ऑक्सफर्डशरमधल्या बॅम्प्टनला जाऊन या, दिवसभर लोकांच्या बागांमधून नाचत फिरतात, तलवारीवर डबा अडकवून त्यातला केक वाटणारा माणूस दिसेल, तुकडा मिळाला तर घ्या, नशीब उघडतं म्हणे.