वाचलेल्या पुस्तकावर मत लिहिताना

किशोर कादंबरीवर लिहिताना नुसतं कथानक सांगत बसू नका, मलपृष्ठावर ते असतंच. गोष्ट सांगणारी पंधरा-सोळा वर्षांची मुलगी खरंच तशी बोलते, की तिच्या तोंडून मोठं माणूस उपदेश करतंय? मला सगळ्यात आधी तेच खटकतं. तसं एखादं वाक्य उचलून दाखवा. शेवट मात्र फोडू नका.

छंदाच्या पुस्तकाचं वेगळं. एक तरी वस्तू करून बघितल्याशिवाय मत देऊच नका. ओरिगामीच्या, म्हणजे कागदाला घड्या घालून वस्तू करायच्या पुस्तकातल्या आकृत्यांत तुटक रेघ म्हणजे पुढे येणारी घडी, रेघ-टिंब म्हणजे मागे जाणारी. छपाईत हा फरक चटकन दिसतो का? कागद उलटायची खूण सुटलीय का? आणि पुस्तक टेबलावर उघडं राहतं का, हे तर जरूर लिहा. दोन्ही हात घडीत गुंतलेले असतात हो!