गर्भपिशवी काढलेल्या बाईला आधी काय विचारशील?

प्रिय डॉक्टरबाई,

बीड जिल्ह्यातल्या ग्रामीण रुग्णालयात रुजू होतेयस हे कळलं, फार बरं वाटलं.

तिथे ओपीडीत तुला पस्तिशीच्या, पण पन्नाशीच्या दिसणाऱ्या बाया भेटतील. झोप लागत नाही, अंगातून गरम वाफा निघतात, पोरांवर उगाच खेकसते आणि मग रडू फुटतं, कंबर धरते, असं सांगतील. लोहाच्या गोळ्या लिहून त्यांना वाटेला लावू नकोस. आधी विचार, "ताई, पिशवी काढलीय का?"

2019 मध्ये ऊसतोड बायांच्या या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला, सरकारने चौकशी समिती नेमली. एक खाडा पडला की पैसे कापले जातात, फडात संडास नाही, पाळीचे दिवस काढायचे तरी कसे? त्यात कुणीतरी कॅन्सरची भीती घालतं. अंगावरून पांढरं जाणं, जास्त रक्तस्राव यावर बहुतेक वेळा औषधांनी भागतं. तरुण बाईची पिशवी एवढ्यावरून काढली जाते, याचा मला आजही संताप येतो.

डिस्चार्ज कार्ड मागून घे. घड्या पडून फाटलेलं असेल, तरी नीट उलगड. 'टीएएच' म्हणजे पोट उघडून पिशवी काढली. त्यापुढे 'बीएसओ' लिहिलं असेल तर दोन्ही बीजांडकोशही गेलेत. हे त्या बाईला बऱ्याचदा कुणी सांगितलेलंच नसतं.

एरवी पाळी हळूहळू जाते. आपल्याकडे साधारण 46-47व्या वर्षी. शरीराला सवय व्हायला काही वर्षं मिळतात. इथे बीजांडकोश काढले की एका दुपारीत त्यांतून येणारी इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही दोन्ही हार्मोन कोसळतात. प्रोजेस्टेरॉनपासून बनणारा एक घटक मेंदूतल्या गाबा रिसेप्टरवर, म्हणजे मेंदू शांत करणाऱ्या यंत्रणेवर, काम करून मन निवांत ठेवतो, झोपेला मदत करतो. इस्ट्रोजेन गेलं की मेंदूतलं तापमानाचं नियंत्रण बिघडतं, हाडं झपाट्याने विरळ होतात, पुढे हृदयविकाराचा धोकाही वाढतो. घरचे म्हणतात, "हिचं डोकं फिरलंय." नवऱ्याला आणि सासूला समोर बसवून हे सगळं समजावून सांग, माझ्या अनुभवात त्याने निम्मं घर शांत होतं. आणि बीजांडकोश ठेवलेले असले तरी पिशवी काढल्यावर ते लवकर थकू शकतात. पाळीच नसल्याने ते कळायलाही मार्ग नसतो, म्हणून लक्षणं विचारत राहा.

हार्मोन द्यायला घाबरणारे सहकारी भेटतील. ती भीती 2002च्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासातून आली. त्यातल्या बाया 50 ते 79 वर्षांच्या होत्या. बीजांडकोश काढलेल्या पस्तिशीच्या बाईला तो हिशोब लावता येत नाही. स्तनाचा कॅन्सर, रक्ताच्या गुठळ्या, यकृताचा आजार नसेल तर नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत तिला इस्ट्रोजेन द्यावं. पिशवी नसल्याने सहसा एकटं इस्ट्रोजेन पुरतं. पिशवी असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन हवंच. बीपी, थायरॉइड, हिमोग्लोबिन आधी तपास. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व विसरू नकोस. हात टेकून पडले आणि मनगट मोडलं, असं कुणी सांगितलं तर हाडांची घनता तपासायला पाठव.

दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात, त्याआधी गर्दी होईल. तेव्हा सहा महिन्यांच्या गोळ्यांची सोय करून दे, आणि कारखान्याजवळच्या दवाखान्यात दाखवायला मराठीत एक चिठ्ठी. त्यावर 'बीजांडकोश काढलेले आहेत' हे मोठ्या अक्षरात लिही.

तुझी,
मॅडम