करार ‘मंजूर’ झाला की ‘लागू’?

वाशीच्या एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात काम करणाऱ्या ताईंनी विचारलं आहे: ‘स्टाफसाठी टिपण लिहितेय. “आसियान करार संसदेने मंजूर केला” हे वाक्य बरोबर आहे, की मंजूरऐवजी अनुसमर्थन हवं?’

ताई, आधी कर्ता बघू या, कारण घोटाळा ‘संसदेने’मध्ये आहे. परदेशाशी करार करणं आपल्याकडे केंद्र सरकारचं काम. करारासाठी कायदा करावा किंवा बदलावा लागला, तरच संसदेकडे जायचं. तो अधिकार तिला घटनेच्या अनुच्छेद २५३ने दिला आहे.

आसियान या आग्नेय आशियातल्या देशांच्या गटाशी झालेल्या वस्तुव्यापार करारावर १३ ऑगस्ट २००९ला बँकॉकमध्ये सह्या झाल्या. तो लागू झाला १ जानेवारी २०१०ला, आणि तोही सुरुवातीला मलेशिया, सिंगापूर, थायलंड यांच्यापुरता. बाकीचे देश आपली अंतर्गत प्रक्रिया उरकून मागून आले. सही झाल्यावर ‘आता आम्ही बांधील’ असं देशाने कळवायचं, ते अनुसमर्थन. शब्द जड आहे, आणि ‘समर्थन’ म्हटलं की आपल्याला पाठिंबाच आठवतो. तरीही तो टिकावा असं मला मनापासून वाटतं. मंजुरी काय, सोसायटीच्या सभेचीही असते. ‘अनु’मुळे सहीमागून आलेली संमती हा नेमका अर्थ हाती लागतो.

न्हावा शेवाला कंटेनर उतरला की मात्र सही आणि अनुसमर्थन दाखवून सवलत मिळत नाही. तिथे चालते अधिसूचना, म्हणजे सरकारने राजपत्रात छापलेला आदेश. आसियानच्या मालाचे सवलतीचे दर अधिसूचना ४६/२०११मध्ये आहेत, आणि ती निघाली सीमाशुल्क अधिनियम, १९६२च्या कलम २५खाली. माल मूळचा कुठला हे ठरवायचे नियम सीमाशुल्क दर अधिनियम, १९७५च्या कलम ५खाली होतात. संसदेने ही दारं आधीच उघडून ठेवली होती, म्हणून शुल्कसवलतीसाठी वेगळा कायदा लागला नाही.

या पायरीला मी ‘करार कायद्यात उतरवणे’ म्हणेन. ‘अंमलबजावणी’ चुकीचं नाही, पण तो शब्द पुढच्या तपासणीसाठी राखून ठेवा. २०२०मध्ये सीमाशुल्क अधिनियमात कलम २८डीए आलं आणि नुसतं सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, म्हणजे माल मूळचा कुठला याचा दाखला, जोडून भागेना. मालाच्या मूळ देशाची माहिती आयातदाराने स्वतःजवळ ठेवायची झाली. ती खरी अंमलबजावणी.

तेव्हा तुमचं वाक्य असं करा: ‘आसियान करार १ जानेवारी २०१०पासून लागू झाला, त्यातले शुल्कदर केंद्र सरकारने अधिसूचनेद्वारे कायद्यात उतरवले.’